सिस्टरांचं काम

नेरूळ,
१४ जानेवारी २०२५

प्रिय वेणू,

तुझी मेल आली तेव्हा मी गॅसपाशी तीळ भाजत उभी होते. प्रियाने, म्हणजे माझ्या सुनेने, ती मोठ्याने वाचून दाखवली आणि तीळ करपले. यंदाच्या वड्या कडवट झाल्या तर दोष तुझा.

इतकी वर्षं तू इंग्लंडला आहेस. नर्स म्हणून गेलीस, तिथेच लग्न केलंस, तिथेच रिटायर झालीस, मधूनमधून इकडे येऊन गेलीस. पण ‘सुमे, तू ये’ असं कधी म्हणाली नव्हतीस. आणि आता म्हणालीस ते कामासाठी! तुझ्या ओळखीच्या वृद्धांच्या संस्थेत मराठी बोलणारं माणूस हवंय, पगार नाही, राहायची सोय होईल, सेवा समजून दोन-तीन महिने ये. वाचून मला हसूच आलं.

पनवेलची मिशनची शाळा आठवली. मी मामाकडे शिकायला होते. ‘सिस्टरांनी कामाला बोलावलंय’ असं मामीला सांगून मी सुट्टीच्या दिवशी निघायचे, तूही तुझ्या आईला तेच सांगून यायचीस, आणि आपण शाळेमागच्या जंगली बदामाखाली बसायचो. काम कसलं नि काय! एकदा मामा खरंच चौकशीला आला. सिस्टर ब्रिजिटनी त्याला शांतपणे सांगितलं, “हो, काम आहे.” तो गेल्यावर आपल्या हातात चॅपेलमधल्या पितळी मेणबत्तीदाण्या दिल्या. “आता घासा. मी खोटं बोलत नाही.” चिंचेचा वास दोन दिवस हाताला होता.

मला यायचंय, वेणू. हे गेल्यापासून मी नेरूळच्या बाहेर पडले ती फक्त बारशाला आणि मयताला. पण मी तिथे नेमकं काय करायचं, ते नीट कळव. फोन केला तर उचलत नाहीस. का गं?

तुझी,
सुमी

*

२६ जानेवारी

सुमे

फोन नको फोनवर घाई होते. तू लिही. तुझी पत्रं शाळेत असताना पण छान असायची

एक बाई आहे इथे आपल्याकडची. आजारपणानंतर तिची इंग्रजी गेली. आयुष्यभर बोललेली भाषा झाडाची पानं गळतात तशी गेली. मराठी राहिली तीही हळू. इथल्या मुली मायाळू आहेत पण ती चहा मागते आणि त्या खिडकी उघडतात

तिच्याजवळ बसायचं. बोलायचं. केसांना तेल लावायचं. इतकंच काम

वेणू

*

नेरूळ,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय वेणू,

तुझे पूर्णविराम कुठे गेले? सिस्टर ब्रिजिट असत्या तर कान पिळला असता. नर्स झालीस म्हणून डॉक्टरांसारखं लिहायचं असं नाही.

त्या बाईचं वाचून मन कसंसंच झालं. चहा मागावा आणि थंड वारा मिळावा! मी त्याच दिवशी कामाला लागले, आणि तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. ऐक.

स्टेशनसमोरच्या कॉम्प्लेक्समध्ये धनेश म्हणून एक व्हिसावाला आहे. चटपटीत, पण स्वभावाने गोड. तो म्हणाला, “पगार नाही ना काकू? मग टेन्शन कशाला? टुरिस्ट टाकू.” मी खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. “काकू, थांबा. मी वाचलं. बिनपगारी काम पण ते काम धरतात. सेवेसाठी वेगळा व्हिसा आहे. त्याला संस्थेकडे सरकारचा परवाना पाहिजे, आणि संस्थेने तुम्हाला प्रायोजक म्हणून पत्र द्यायला पाहिजे.” बरं म्हटलं. संध्याकाळी परत फोन. “काकू, अजून एक सापडलं. साध्या भेटीच्या व्हिसावर पण नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेत तीस दिवसांपर्यंत सेवा चालते. फक्त तुम्ही तेवढ्यासाठी गेलेल्या नसायला हव्यात.”

“म्हणजे सेवा करता येते, पण सेवेसाठी जाता येत नाही?”

“करेक्ट.”

“मग मी कशासाठी जायचं?”

“तेच तर विचारतायत ना काकू!”

घरी आल्यावर रूपेशने वेगळंच सुरू केलं. तो न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरिंगचं बघतो, मी टायपिस्ट होते त्याच धंद्यात. म्हणाला, “आई, फुकट पाठवलेलं सॅम्पल असलं तरी कागदावर किंमत लिहावी लागते. तूच टाइप करायचीस ना? फुकट दिलं म्हणून वस्तू बिनकिमतीची होत नाही. तुझ्या कामाचं तसंच.” मुलगा आपल्या कामाला किंमत देतोय म्हणून बरं वाटलं, पण त्याचं पुढचं वाक्य होतं, “ते लोक तुला फुकटची मोलकरीण करतील.”

प्रिया म्हणाली, “आई, इथे तुम्ही नुसता कप विसळला तरी मी ओरडते. तिथे गोऱ्यांची भांडी घासणार?”

सारसोळ्याला माझ्या मोठ्या जावेकडे गेले, ती सुकट निवडत बसली होती. तिचं एकच वाक्य. “पगार नाय आनि काम करनार? येरी हाय का गो तू?”

येडी असेनही. पण मला आता कोण बरोबर तेच कळेनासं झालंय. तेव्हा तू एवढं कर: संस्थेचं पत्र पाठव. माझं काम काय, किती दिवस, ते त्यात असू दे. आणि त्या बाईचं नाव काय? गाव कुठलं? आपल्या कुणाच्या ओळखीतलीही निघेल.

तुझी,
सुमी

*

२० फेब्रुवारी

सुमे

नाव सांगता येत नाही. इथे नियम आहे आजारी माणसाचं नाव बाहेर द्यायचं नाही

संस्थेचं पत्र नाही मिळायचं. छोटी संस्था आहे तसला परवाना त्यांच्याकडे नाही

तू फॉर्मवर एवढंच लिही की मैत्रिणीला भेटायला. माझं घर आहे किल्ली शेजारणीकडे असते तिथे राहशील. आमंत्रणाचं पत्र मी देते. दुसरं काही लिहू नको. ते खोटं नाही सुमे. माझं ऐक

तिने परवा खिडकीतून समुद्र बघून विचारलं सारसोळ्याची जेटी आहे का अजून

वेणू

*

नेरूळ,
३ मार्च २०२५

प्रिय वेणू,

जेटी आहे म्हणून सांग तिला. होड्याही आहेत. म्हणजे बाई इकडचीच! मी दिवसभर आठवत बसले, सारसोळ्याची कोण इंग्लंडला गेली असेल. जावेलाही विचारलं. तिला कुणी आठवेना.

तुझं आमंत्रणाचं पत्र मिळालं. पण वेणू, तू सांगितलंस तसं मला करता आलं नाही. रागावू नको. मी फॉर्म भरायला बसले, ‘येण्याचा हेतू’ या रकान्याशी आले, आणि मेणबत्तीदाण्या डोळ्यांसमोर आल्या. ‘मी खोटं बोलत नाही.’ मला ठाऊक आहे मी कशासाठी येतेय. एका परक्या आजारी बाईची सेवा करायला. मग नुसतं ‘मैत्रिणीला भेटायला’ लिहिणं म्हणजे अर्धं झाकून ठेवणं झालं. आपण मामीला फसवलं ते वेगळं. तेव्हा आपण लहान होतो.

म्हणून मी सगळं खरं लिहिलं. जोडीला एक पानभर पत्र टाइप केलं, वृद्धांच्या संस्थेत जाऊन एका मराठी बाईची शुश्रूषा करणार, मोबदला घेणार नाही, असं. माझ्या इंग्रजीवर सिस्टर खूश झाल्या असत्या. धनेशने वाचून कपाळाला हात लावला. “काकू, एवढं कोण सांगतं?”

मी म्हटलं, “आमच्या शाळेत सांगायचे.”

मुंबईला जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो देऊन आले. फोटोत मी पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. पण मन हलकं आहे. खरं बोललेल्याला देव अडवत नाही.

त्या बाईसाठी खोबरेल तेल घेऊन ठेवलंय. तिला जास्वंदीचं चालतं का, विचार.

तुझी,
सुमी

*

नेरूळ,
२९ मार्च २०२५

प्रिय वेणू,

नाकारला.

तुला आज-उद्या कळवू म्हणत चार दिवस घालवले. पत्र नीट सभ्य भाषेत आहे. अर्जदाराने स्वतःच लिहिलंय की ती संस्थेत काम करायला येतेय, भेटीच्या व्हिसावर असं काम करता येत नाही, सबब ती खरोखरची पाहुणी आहे याची आमची खात्री पटत नाही. अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण त्यात हा नकार लिहावा लागतो.

खरोखरची पाहुणी! मला काही समजतच नाही. मी खरं बोलले म्हणून खोटी ठरले. धनेश म्हणतो, “बोललो होतो ना काकू.” रूपेशने पत्र वाचलं आणि नीट घडी करून परत माझ्या हातात दिलं. ती घडी मला बोलण्यापेक्षा जास्त लागली. जाऊ मात्र म्हणाली, “बरा झाला. बस आता घरान.”

घरात बसायला मला काय होतं? नोकरी सुटल्यापासून तेच करतेय. पण गेले दोन महिने मी सकाळी उठले की त्या बाईशी काय बोलायचं ते मनात जुळवायचे. तिला पनवेलचा बाजार सांगीन, मिठागरं सांगीन. मिठागरं आता तिथे नाहीत, हे मात्र सांगणार नाही. अशी एक-एक गोष्ट काढून ठेवली होती. आता त्यांचं काय करू?

तू तरी माझ्या वाटचं कर. तुझं घर तिथून फार लांब नसेल. तिने चहा मागितला तर चहाच दे. तिच्या केसांना तेल लाव. आणि सांग, एक बाई यायची होती, तिला सोडलं नाही. शिव्या दे हवं तर माझ्या नावाने.

तुझी,
सुमी

*

६ एप्रिल

सुमे

हे पत्र लिहायला आठवडा लागला. डाव्या हाताच्या एका बोटाने लिहिते. उजवा हात चालत नाही

ती बाई मी आहे

नोव्हेंबरात झटका आला. मी संस्थेत मदत करत नाही मी इथे राहते. सध्या तरी. घर तसंच आहे किल्ली शेजारणीकडे आहे ते खरं आहे. फोन नको म्हटलं कारण जीभ जड झाली. तू ऐकलं असतंस तर रडली असतीस आणि मग मी पण

तुला वाटेल सरळ का नाही सांगितलं. खूपदा लिहायला घेतलं की सुमे मी आजारी आहे माझ्यासाठी ये. आणि पुढे बोट हलेना. आपण असं कधी म्हटलंच नाही गं. तुझ्या मामीने मला ओटीवर पाणी दिलं ते वरून. आत ये असं कधी म्हटलं नाही. माझी आई म्हणायची जिथे आत घेत नाहीत तिथे पाय ठेवायचा नाही. नुसतं भेटायला जाते म्हटलं असतं तर दोन्ही घरांनी नाही म्हटलं असतं. सिस्टरांचं काम म्हटलं की दोन्ही दारं उघडायची. मला तेवढीच युक्ती येते. या वयात पण तीच केली

वाटलं तुझ्या घरचे तुला कामासाठी तरी सोडतील. साठी उलटलेल्या बाईला मैत्रिणीला भेटायला एवढ्या लांब कोण सोडतं

इथलं उलटं निघालं. इथे भेटायला सोडतात. कामाला नाही

आता तुझ्या नावावर माझ्यामुळे नकार लागला. तू नाही आलीस तर मी समजेन. जास्वंदीचं चालतं

वेणू

*

नेरूळ,
८ एप्रिल २०२५

वेणू,

‘प्रिय’ लिहीत नाही. रागावलेय.

तुझं पत्र मी बाल्कनीत उभी राहून वाचलं आणि मग आत येऊन उगीच भाजी निवडायला घेतली. निवडलेली परत निवडली. प्रियाने हातातून ताट काढून घेतलं आणि जवळ बसली. तिला वाचायला दिलं. वाचून ती म्हणाली, “आई, तुम्ही दोघी महान आहात.” कौतुक होतं की टोमणा, अजून कळलं नाही.

किती मूर्ख मी! तुझे पूर्णविराम गेले त्यावर थट्टा केली. सारसोळ्याची जेटी विचारणारी बाई कोण म्हणून गावभर शोधलं. तुझ्या एका सुट्टीत त्या जेटीवर माझी ओढणी वाऱ्याने उडाली तेव्हा माझ्याबरोबर कोण होतं? तूच ना? आणि सगळ्यात मोठं म्हणजे ‘मैत्रिणीला भेटायला’ हे तू मला सांगितलेलं एवढंच एक वाक्य खरं होतं, आणि तेवढंच मी खोटं म्हणून टाकून दिलं. सत्याचा टेंभा मिरवत पानभर खोटं टाइप करून आले, तेही इतक्या सुरेख इंग्रजीत.

आणि परक्या बाईसाठी मी तेल घेऊन ठेवलं होतं. परक्या!

ओटीवरचं पाणी मला आठवतं, वेणू. मी तेव्हा दारातच उभी असायचे. मामीला काही म्हणायची माझी छाती नव्हती. तुला भेटायला मी शाळेत पळून यायचे, एवढीच काय ती माझी बंडखोरी. पण आता मामी नाही, तुझी आईही नाही. आता मला कोण विचारणार आहे? विचारेल तो रूपेश. त्याला मी बघून घेते.

मी परत अर्ज करतेय. तुझ्या डॉक्टरांचं एक पत्र आणि नवीन आमंत्रण पाठव. यावेळी सगळं खरं लिही. मी पण लिहिते.

तुझीच,
सुमी

*

नेरूळ,
२ मे २०२५

प्रिय वेणू,

अर्ज गेला. आता वाट बघायची.

धनेशकडे तीनदा गेले. पहिला नकार लपवायचा नाही, तो का झाला तेही लिहायचं, असं तो म्हणाला. तेव्हा मी लिहिलं, की माझी मैत्रीण आजारी आहे हे मला ठाऊक नव्हतं, तिने संकोचाने सांगितलं नव्हतं. धनेशने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, “काकू, हे खरं आहे?” म्हटलं, “हो.” म्हणाला, “मग राहू द्या.”

रकान्यात ‘मित्रमंडळींना भेट’ असं निवडलं. खाली विचारलं होतं, नातं काय.

“मैत्रीण,” मी म्हटलं.

“म्हणजे लांबची बहीण वगैरे?”

“नाही. मैत्रीण.”

“बरं. बाकी काही कारण? फिरायला, लग्न, कोर्स?”

“बाकी काही नाही.”

मग मला शंका आली. म्हटलं, “धनेश, तिच्या केसांना तेल लावलं तर ते काम धरतील का?”

तो म्हणाला, “काकू, आता तुम्ही माझा पण गोंधळ करताय. मैत्रिणीच्या केसांना तेल लावायला कसला परवाना?”

घरी रूपेशला सांगताना मात्र माझ्या तोंडून सवयीने निघालं, “तिथे जरा मदत लागेल...” आणि मी थांबले. त्याच्याकडे बघून परत सांगितलं, “मदत नाही. मी वेणूला भेटायला जातेय. तिला भेटावंसं वाटतंय म्हणून.”

“दोन महिने काय करणार तिथे?”

“बसणार.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी काही भलतंच बोलले. मग म्हणाला, “स्वेटर चांगला घ्यावा लागेल तुला.” इतकंच. इतकं सोपं होतं गं हे! की आपल्यालाच ते कधी सोपं वाटलं नाही?

जाऊ अजून विचारते, “काम नाय तं जातेस कनाला?” मी म्हटलं, “सवय करतेय.”

काही कळलं की लिहिते. नाही म्हणाले तर तिसऱ्यांदा करीन.

तुझी,
सुमी

*

नेरूळ,
२४ मे २०२५

वेणू,

मिळाला! पासपोर्ट आला, आत चिकटवलाय. रूपेशने तीनदा उघडून बघितला, बंदरावरचा कागद तपासावा तसा. काम करायला मनाई आहे, असं त्यावर स्पष्ट छापलंय. प्रिया म्हणाली, “आई, हे लॅमिनेट करून स्वयंपाकघरात लावू या.”

जूनच्या सातला निघते. तेल बॅगेत ठेवलंय, जास्वंदीचं. आणि एक पितळी मेणबत्तीदाणी. वाशीत एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली, शाळेतल्यासारखीच. घासलेली नाही. तशीच आणतेय. आपण तिच्याकडे बघत बसू, घासायची नाही.

तुझी,
सुमी

*

२६ मे

प्रिय सुमे,

पूर्णविराम बघ. एकेक शोधून टाकलाय.

इथल्या मुलीला सांगितलं, माझी मैत्रीण येते आहे. दोन शब्द इंग्रजीत आले, बाकी हाताने. तिला कळलं. तिने विचारलं, ती आली की तिला काय काम सांगायचं? मी मान हलवली. काही नाही.

मग तिला खुणेने सांगून खिडकीपाशी दुसरी खुर्ची ठेवून घेतली.

वेणू.